चिमूटभर डिस्प्रोशियम

बंगळुरूच्या किदवई कर्करोग संस्थेत, जयदेव हृदयरोग संस्थेच्या कॅथ लॅबमध्ये किंवा शहरातल्या एखाद्या गल्लीतल्या एक्स-रे क्लिनिकमध्ये रोज किरणांच्या सोबतीने काम करणाऱ्या माणसाच्या छातीवर प्लॅस्टिकची एक छोटी कॅसेट लावलेली असते. तिला सगळे ‘टीएलडी’ म्हणतात. डॉक्टर, नर्स, टेक्निशियन सगळे ती लावतात, तीन महिन्यांनी कार्ड परत पाठवतात, नवे घेतात. आत काय आहे हे उघडून पाहायची कुणाला गरज पडत नाही. आत असते ॲल्युमिनियमचे निकेलचा मुलामा दिलेले पातळ कार्ड आणि त्यावर बसवलेल्या तीन पांढऱ्या चकत्या. प्रत्येकीचा व्यास 13.3 मिलिमीटर, जाडी 0.8 मिलिमीटर. टेफ्लॉनमध्ये कालवलेली कॅल्शियम सल्फेटची पूड दाबून आणि भाजून त्या बनवतात. कॅल्शियम सल्फेट म्हणजे जिप्सम. मोडलेल्या हाताला घालतात ते प्लॅस्टर याच कुळातले. फरक इतकाच, की या पुडीत कॅल्शियमच्या दर दोन हजार अणूंमागे साधारण एक अणू डिस्प्रोशियम नावाच्या दुर्मीळ मृदा-धातूचा असतो.

भारतात हा बॅज 1975 पासून वापरात आहे. मधल्या काळात यापेक्षा कितीतरी तेजस्वी पदार्थ सापडल्याचे निबंध छापून आले आणि त्यांतले बरेच आपल्या नागपूरहून आले. तरीही छातीवरची चकती बदलली नाही. असे का, हा या विषयातला खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर स्फटिकशास्त्रात निम्मेच सापडते.

थर्मोल्युमिनेसन्स म्हणजे आधी किरण झेललेला पदार्थ तापवल्यावर त्यातून बाहेर पडणारा प्रकाश. लोखंड तापून लाल होते ती गोष्ट वेगळी. इथे उष्णता फक्त दार उघडते, प्रकाशाची ऊर्जा आधीच साठलेली असते. किरणांनी स्फटिकातले इलेक्ट्रॉन जागेवरून सुटतात. त्यांतले काही स्फटिकाच्या दोषांपाशी अडकून पडतात आणि खोलीच्या तापमानाला महिनोन्‌महिने तिथेच राहतात. तापवले की अडकलेले भार सुटतात, एकमेकांना गाठतात आणि त्या भेटीत मोकळी झालेली ऊर्जा डिस्प्रोशियमचा आयन उचलतो. तो ती 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या आणि 575च्या आसपासच्या पिवळ्या प्रकाशात बाहेर टाकतो. तापमान वाढत जाते तसा प्रकाश चढतो, कमाल गाठतो आणि उतरतो. या आलेखाला ग्लो कर्व्ह म्हणतात. डिस्प्रोशियमवाल्या सल्फेटचे मुख्य शिखर 220 अंश सेल्सिअसच्या आगेमागे येते. प्रकाश किती पडला, त्यावरून माणसाने किती किरणे झेलली याचा हिशेब निघतो.

बंगळुरूचा या प्रकाशाशी संबंध बॅजच्या आधीपासूनचा आहे. 1663 साली रॉबर्ट बॉइलने एक हिरा अंगाच्या उबेला धरून अंधारात चमकताना पाहिला आणि तसे रॉयल सोसायटीला कळवले. या विषयाचा इतिहास सांगणारा प्रत्येक जण तिथून सुरुवात करतो. पण हिऱ्यांचे गाठोडे पुढ्यात घेऊन त्यांच्या चकाकीचा पद्धतशीर छडा लावण्याचे एक मोठे काम 1940च्या दशकात बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, सी. व्ही. रामन यांच्या विभागात झाले. अ‍ॅना मणी तिथे 1940 मध्ये आल्या. त्यांनी हिरे आणि माणकांच्या प्रतिदीप्तीवर एकटीच्या नावाने निबंध लिहिले. त्यासाठी हिरे द्रवरूप हवेच्या तापमानापर्यंत गार करायचे आणि फोटोच्या काचेवर तासन्‌तास प्रकाश पाडत बसायचे. एवढे करूनही एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली नाही. त्या पुढे पुण्याच्या हवामान खात्यात आल्या आणि देशाच्या हवामान उपकरणांचा पाया घातला. त्याच विभागातल्या व्ही. चंद्रशेखरन यांचा हिऱ्याच्या थर्मोल्युमिनेसन्सवरचा निबंध 1946 मध्ये बंगळुरूच्याच भारतीय विज्ञान अकादमीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये आला. त्या वेळी या प्रकाशाने माणसाची सुरक्षा मोजता येईल, असा विचार तिथे कुणी मांडत नव्हते. हिऱ्याच्या जाळीत काय बिघडले आहे, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.

सल्फेटची गोष्ट मात्र जर्मनीत सुरू होते. 1895 मध्ये वीडेमान आणि श्मिट या दोघांनी निरनिराळ्या क्षारांवर कॅथोड किरणांचा मारा करून ते तापवले. त्यांत मँगनीज घातलेले कॅल्शियम सल्फेट होते आणि ते झळकले. ‘थर्मोल्युमिनेसन्स’ हे नावही त्याच कामातले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात रोंटगेनला क्ष-किरण सापडले. म्हणजे रोग आणि त्याचा मापक एकाच देशात, एकाच वर्षी जन्माला आले. ओळख व्हायला मात्र अर्धे शतक गेले.

मँगनीजवाले सल्फेट विलक्षण संवेदनशील आहे. 1951 मध्ये अमेरिकेच्या टूझी, वातानाबे आणि पर्सेल यांनी रॉकेटमधून ते वातावरणापार पाठवले आणि सूर्याचे अतिनील व क्ष-किरण मोजल्याचे प्रसिद्ध केले. पण बॅजसाठी ते कुचकामी ठरते, कारण त्याचे शिखर शंभर अंशांच्या आतबाहेर आहे. सापळे इतके उथळ, की अडकलेले इलेक्ट्रॉन खोलीतल्या उबेनेच सुटू लागतात आणि पहिल्या काही दिवसांतच साठ्याचा मोठा भाग गळून जातो. बंगळुरूची हवा त्यातल्या त्यात सौम्य. विदर्भाच्या मे महिन्यात काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी. दरम्यान फॅरिंग्टन डॅनियल्स आणि मग जॉन कॅमेरॉन यांच्या विस्कॉन्सिनमधल्या कामातून लिथियम फ्लोराइड पुढे आले. शरीराच्या ऊतींशी मिळतेजुळते वागणारा हा पदार्थ पाश्चात्त्य देशांनी उचलला.

खरे वळण जपानमध्ये आले. मात्सुशिता इलेक्ट्रिकच्या यामाशिता आणि सहकाऱ्यांनी 1960च्या दशकाच्या शेवटी मँगनीजऐवजी डिस्प्रोशियम आणि थुलियम घालून पाहिले. सापळे खोल झाले, शिखर दोनशेच्या पुढे सरकले, गळती जवळजवळ थांबली आणि तेज लिथियम फ्लोराइडच्या तीस ते पन्नास पट निघाले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हा धागा लगेच उचलला गेला. के. एस. व्ही. नंबी, व्ही. एन. बापट आणि ए. के. गांगुली यांनी दुर्मीळ मृदा-धातूंची जवळपास सगळी मालिका कॅल्शियम सल्फेटमध्ये एकेक करून घालून पाहिली आणि 1974 मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. डोसिमीटरच्या कामासाठी डिस्प्रोशियम आणि थुलियम हीच दोन नावे पुढे राहिली. या क्षेत्रात आजही ज्याचा हवाला दिल्याशिवाय कुणाची सुटका नाही, असा हा निबंध आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भारताने हा पदार्थ निवडला तो केवळ तेजासाठी नाही. तोवर छातीवर फिल्म बॅज असे. उष्ण, दमट हवेत फिल्मवरची छाप फिकी पडते, फिल्म बाहेरून आणावी लागते आणि एकदा धुतली की संपली. सल्फेटची चकती भाजून पुन्हा पुन्हा वापरता येते. शिवाय ती घरी बनते: कॅल्शियमचा क्षार आणि जरासे डिस्प्रोशियम ऑक्साइड गरम संहत सल्फ्युरिक आम्लात विरघळवायचे, आम्ल हळूहळू उडवून लावायचे, उरलेले स्फटिक धुऊन 700 अंशांच्या आसपास भाजायचे आणि दळून चाळायचे. आम्लाच्या वाफा आवरणे हाच त्यातला तापदायक भाग. बाकी यात परदेशी पेटंटची, महागड्या स्फटिक-भट्टीची गरज नाही. ज्या देशाला परकीय चलन मोजून खर्चावे लागत होते, त्याच्यासाठी ही बाजू तेजापेक्षा वरचढ होती.

या चकतीत एक मोठी खोड आहे. शरीराच्या मऊ ऊतीचा प्रभावी अणुक्रमांक साधारण 7.4, लिथियम फ्लोराइडचा 8.2 आणि कॅल्शियम सल्फेटचा पंधराच्या वर. कमी ऊर्जेची क्ष-किरणे जड अणूंत जास्त शोषली जातात. त्यामुळे तीस-चाळीस किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणांना ही चकती गॅमा किरणांच्या तुलनेत सुमारे दहापट प्रकाश देते. म्हणजे कोबाल्टच्या यंत्रापाशी काम करणारा आणि दाताचा एक्स-रे काढणारा या दोघांनी सारखाच डोस झेलला, तरी नुसत्या चकतीवरून दुसरा दहापट भाजला असे वाटेल.

यावर भाभा केंद्राने काढलेला तोडगा साधा आणि हुशार आहे. कॅसेटमध्ये पहिल्या चकतीवर ॲल्युमिनियम आणि तांब्याची गाळणी, दुसरीवर प्लॅस्टिकची, तिसरी उघडी. धातूची गाळणी कमी ऊर्जेचे किरण अडवते. मग पहिल्या दोन चकत्यांच्या आकड्यांच्या गुणोत्तरावरून आलेल्या किरणांची ऊर्जा ताडता येते आणि त्याप्रमाणे हिशेब दुरुस्त होतो. उघडी चकती बीटा कणांचा सुगावा देते. चकती वाचायला ठेवायची ती 285 अंशांच्या गरम नायट्रोजन वायूच्या झोतात, कारण टेफ्लॉन 327 अंशांना वितळते आणि त्याच्या फार जवळ जाऊन चालत नाही. वाचून झालेली कार्डे मग 230 अंशांच्या भट्टीत काही तास ठेवतात. जुना हिशेब पुसला जातो आणि कार्ड पुढच्या माणसाच्या छातीवर जायला मोकळे होते. पदार्थाची खोड ठाऊक असली, कायम तेवढीच राहिली आणि मोजता आली, तर ती खोड चालते. चंचल सद्‌गुणापेक्षा स्थिर दोष बरा, हे या धंद्यातले पहिले शहाणपण आहे.

नागपूरचे काम या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात एस. व्ही. मोहरील आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1980च्या दशकापासून सल्फेटचा ध्यास घेतला. पी. डी. सहारे आणि मोहरील यांनी 1989-90 मध्ये युरोपियम घातलेले लिथियम-सोडियम सल्फेट आणि पोटॅशियम-कॅल्शियम सल्फेट पुढे आणले. दुसऱ्याची संवेदनशीलता कॅल्शियम सल्फेट-डिस्प्रोशियमच्या कैकपट असल्याचे त्यांनी दाखवले. एस. एम. ढोपटे, पी. एल. मुठाळ, व्ही. के. कोंडावार आणि मोहरील यांनी 1992 मध्ये मूळ डिस्प्रोशियमवाल्या सल्फेटच्या यंत्रणेवरच लिहिले. पुढे एस. जे. ढोबळे यांनी नागपुरात, एस. के. ओमनवार यांनी अमरावतीत ही परंपरा चालू ठेवली आणि सहारे दिल्ली विद्यापीठात गेल्यावर त्यांच्या गटाने याच क्षारांच्या नॅनोकणांवर काम केले. बंगळुरू विद्यापीठाच्या ज्ञानभारती आवारात बी. एन. लक्ष्मीनरसप्पा यांच्या गटाने कॅल्शियम फ्लोराइडसारख्या पदार्थांवर वेगवान जड आयनांचा मारा करून त्यांचे ग्लो कर्व्ह तपासले. विदर्भातल्या एका राज्य विद्यापीठाने, तुटपुंज्या साधनांवर, जगात ज्याची दखल घेतली जाते असा एक विषय उभा केला, ही गोष्ट मराठी वाचकांत फारशी माहीत नाही. ती माहीत असायला हवी.

मग हे तेजस्वी क्षार बॅजमध्ये का गेले नाहीत? एक कारण मोजमापातच लपले आहे. ‘पाचपट तेजस्वी’ म्हणजे कोणाच्या डोळ्याला? प्रकाश मोजणारी फोटोमल्टिप्लायर नळी निळ्या-जांभळ्याला तिखट आणि पिवळ्याला मंद असते. युरोपियमचा प्रकाश निळ्या-जांभळ्यात येतो, डिस्प्रोशियमचा बराचसा भाग पिवळ्यात. नळी बदलली की पट बदलते. दुसरे, पोटॅशियम-कॅल्शियम सल्फेटचे मुख्य शिखर दीडशे अंशांच्या आसपास आहे. शिखर जितके खाली, तितकी तीन महिन्यांच्या वापरात गळतीची शंका जास्त. तिसरे म्हणजे गंधक. त्याचा अणुक्रमांक 16. कॅल्शियम काढून लिथियम घाला, मॅग्नेशियम घाला. सल्फेट आहे तोवर गंधक आहेच आणि ऊतीसारखे वागणे त्याला जमणार नाही. नॅनोकणांचा फायदा वेगळा आहे. कमी डोसला ते मोठ्या स्फटिकांपेक्षा मंद, पण किलोग्रेच्या घरातल्या प्रचंड डोसलाही सरळ रेषेत प्रतिसाद देतात. हा गुण मसाले किंवा वैद्यकीय सुया किरणांनी निर्जंतुक करणाऱ्या कारखान्याच्या कामाचा. नर्सच्या छातीवर तो वाया जातो. निबंधांच्या प्रस्तावनेत मात्र हा फरक अनेकदा पुसला जातो आणि प्रत्येक नवा क्षार ‘व्यक्तिगत डोसिमेट्रीसाठी आश्वासक’ ठरतो. पन्नास वर्षांत इतकी आश्वासने साठली आहेत, की आता कुणीतरी ती तापवून पाहायला हवीत.

यंत्रणेचा वादही पुरता मिटलेला नाही. किरणांनी डिस्प्रोशियमचा आयन स्वतः त्रिसंयुजी अवस्थेतून खाली येतो आणि तापवल्यावर परत चढतो, असे एक जुने चित्र होते. सल्फेटच्या मुळांपासून बनलेले तुकडे हेच खरे सापळे आणि डिस्प्रोशियम फक्त दिवा, असे दुसरे. कल्पक्कमच्या ए. आर. लक्ष्मणन यांनी 1999 मध्ये या सगळ्याचा विस्तृत आढावा घेतला. बॅज वाचणाऱ्याचे या वादावाचून काही अडत नाही.

चकतीला माणसाच्या छातीबाहेरही कामे मिळाली. नंबी आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये देशभराच्या नैसर्गिक किरणोत्साराची पाहणी प्रसिद्ध केली, तीही याच डोसिमीटरांनी. मुंबई-पुण्याखालच्या बेसॉल्टमध्ये युरेनियम, थोरियम, पोटॅशियम कमी. बंगळुरूखालच्या नाइस आणि ग्रॅनाइटमध्ये जास्त. लालबागेतला तो प्रसिद्ध खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे. मुंबईहून बंगळुरूला नोकरीसाठी गेलेल्या मराठी माणसाच्या वाट्याला पायाखालून थोडी जास्त गॅमा किरणे येतात. काळजी करण्याजोगे त्यात काही नाही. पण म्हणूनच प्रत्येक संस्थेला एक कंट्रोल कार्ड किरणांच्या खोलीपासून दूर, वेगळे ठेवावे लागते. त्याचा आकडा बाकीच्यांतून वजा होतो. हे कार्ड कुणी विसरून एक्स-रे खोलीच्या कपाटात ठेवले, तर साऱ्या विभागाचा डोस कागदावर कमी होतो.

आणि अंतराळातही. हंगेरीत बनलेल्या ‘पिल्ले’ या यंत्रात डिस्प्रोशियमवाले कॅल्शियम सल्फेट काचेच्या निर्वात बल्बमध्ये बसवलेले असते. अंतराळवीर ते यानातच तापवून वाचू शकतो. 1980 मध्ये बर्टालान फार्कास ते सल्युत-6 वर घेऊन गेले, 1984 मध्ये सॅली राइड यांनी ते चॅलेंजरवर वापरले आणि नंतर ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोचले. गगनयानाची आखणी करणारे इस्रोचे मानवी अंतराळ उड्डाण केंद्र 2019 पासून बंगळुरूतच आहे. तिथल्यांना एक मर्यादा लक्षात ठेवावीच लागते: अवकाशातले जड आयन चकतीत इतकी दाट वाट पाडतात, की सापळे भरून जातात आणि प्रकाश अपेक्षेपेक्षा कमी मिळतो. म्हणून सोबत कण-मागांची नोंद ठेवणारे प्लॅस्टिक लागते.

चकतीला काय दिसत नाही, याचा धडा कर्नाटकातच मिळाला. कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्रात नोव्हेंबर 2009 मध्ये पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले गेले आणि कर्मचारी ते प्याले. ट्रिटियमच्या बीटा कणाची कमाल ऊर्जा 18.6 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, तो कातडीही भेदत नाही, मग पोटातून निघून छातीवरच्या कॅसेटपर्यंत येणार कसा? प्रकार उघड झाला तो कर्मचाऱ्यांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीतून. वेगवान न्यूट्रॉनचीही तीच गत. त्यांच्यासाठी भारतात वेगळे प्लॅस्टिक वापरतात.

याहून मोठा आंधळेपणा माणसांचा. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मर्यादेप्रमाणे कामगाराचा डोस पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30 मिलिसिव्हर्टच्या वर जाता कामा नये. 10च्या वर गेला की चौकशी लागते. त्या चौकशीत ठरावीक गोष्टी निघतात. बॅज ॲप्रनला टोचलेला राहिला आणि ॲप्रन यंत्राजवळच्या खुंटीवर लटकत राहिला. बॅज खोलीत पडला. चकतीने खरे तेच सांगितलेले असते, फक्त ते माणसाबद्दल नसते. अशा नोंदींना ‘अस्सल नाही’ असा शेरा मिळतो. उलटा प्रकार जास्त चिंतेचा आहे: काम थांबवले जाईल या धाकाने बॅज लॉकरमध्ये ठेवणे. त्यावर शेरा मारायला कार्डावर काही उमटतच नाही.

नवे आव्हान डोळ्यांचे आहे. आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाने 2011 मध्ये डोळ्याच्या भिंगासाठीची शिफारस वर्षाला 150 मिलिसिव्हर्टवरून पाच वर्षांच्या सरासरीने 20 वर आणली, कारण मोतीबिंदू पूर्वी मानला होता त्यापेक्षा कमी डोसने होतो असे दिसले. अँजिओप्लास्टी करणारा हृदयरोगतज्ज्ञ रुग्णाच्या छातीवर वाकून तासन्‌तास उभा असतो. रुग्णाच्या शरीरातून विखुरलेली किरणे त्याच्या डाव्या डोळ्यापर्यंत येतात आणि त्याचा बॅज मात्र शिशाच्या ॲप्रनच्या आत असतो. भिंगासाठी वेगळा डोसिमीटर चष्म्याच्या कडेला लागतो. विखुरलेल्या किरणांची ऊर्जा नेमकी तीस ते साठ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात, म्हणजे सल्फेटची खोड जिथे सर्वांत जास्त तिथे. छातीवर तीन चकत्या आणि गाळण्या बसतात. कपाळाच्या बाजूला तेवढी जागा नाही. जगात या कामासाठी बहुधा लिथियम फ्लोराइडच वापरतात. भाभा केंद्रातही कार्बन घातलेल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडवर आणि लिथियम-मॅग्नेशियम फॉस्फेटवर, उष्णतेऐवजी प्रकाशाने वाचता येतील अशा डोसिमीटरांसाठी, बरेच काम झाले आहे. बंगळुरूसारख्या, कॅथ लॅबनी भरलेल्या शहरात सल्फेटला पहिला खरा प्रतिस्पर्धी भेटला तर तो डोळ्याशेजारच्या या दोन-तीन मिलिमीटर जागेत भेटेल. छातीवरच्या कार्डापाशी अजून तशी चिन्हे नाहीत.